त्या रविवारी हॉटेलातून कोण पळालं

सदा,

तुझ्या तेराव्याला मी खोटं बोललो. भर मांडवात, पन्नासेक माणसांसमोर, हातवारे करून, आवाज चढवून-उतरवून, अगदी झोकात खोटं बोललो. नंदूनं त्यावर साक्षसुद्धा दिली. लोक हसले. तुला ते आवडलं असतं, की पलूसच्या स्टँडवर बघितलं होतंस तसं तू माझ्याकडं बघितलं असतंस, हे काही केल्या मला ठरवता येत नाही.

माधवनगरहून परत आल्यापासून साताऱ्यात घरात गप्प बसून आहे. आमच्या हिनं दोनदा कपाळाला हात लावून पाहिला. मी गप्प आहे म्हणजे मला ताप असणार, याबद्दल तिला शंका नाही. काल शेजारचे गुरुजी विचारून गेले, "साहेबांची तब्येत बरी आहे ना? घरातून आवाज नाही आला." बघ, माझी कीर्ती. तू असतास तर म्हणाला असतास, "आवाज न्हाई आला म्हंजी गल्लीला सुट्टी मिळाली म्हणायचं."

तुझ्याशी बोलायचं तर त्या हॉटेलापासूनच सुरुवात करायला हवी. गेली चार वर्षं मी ते हॉटेल इतकं वाजवलंय की मालकानं मला कमिशन द्यायला हवं होतं.

मिरज रस्त्यावर ते नवीन झालं तेव्हा सगळ्या सांगलीला त्याचं कौतुक. बाहेरून काळ्या काचा, आत एसी, आणि मिळणार काय तर घरचं जेवण! पिठलं, भाकरी, वांग्याचं भरीत, मुगाची खिचडी. भिंतींना शेणाच्या रंगाचा ऑइलपेंट. कोपऱ्यात दगडी जातं, जात्यात प्लास्टिकची फुलं. छताला बैलगाडीचं चाक टांगलेलं आणि चाकाच्या प्रत्येक आऱ्याला एक दिवा. वाढपी धोतर-फेट्यात, आणि एसीचा गारठा सोसेना म्हणून सगळे शिंकणारे. त्या हॉटेलचं खरं नाव भारदस्त होतं, पण तू आत पाऊल टाकल्या टाकल्या बारसं केलंस, "गारठ्यातली चूल." तेव्हापासून आपण तिघं तेच म्हणत आलो.

नंदूची पन्नाशी होती. हळदीच्या पेठेतला बडा माणूस आता, पण आपल्याला तो गिरणीच्या हापिसात माझ्या शेजारच्या टेबलावर डुलक्या घेणारा नंदूच. वर्षभरात नोकरी सोडून बापाच्या दुकानावर गेला, तरी दोस्ती सोडली नाही. "पन्नाशीला मला बाकी कुणी नको. तुम्ही दोघं आणि माझे दोन मेव्हणे," असं म्हणाला होता. मेव्हणे कशाला, हे मी विचारलं नाही. बायकोनं पाठवले असणार.

दुपारचा एक वाजलेला. मी साताऱ्याहून पहाटेच्या गाडीनं आलेलो, तू माधवनगरहून सायकलवर. पांढरा शर्ट, इस्त्री केलेला. नंदूनं तुझ्या हातात ते पुठ्ठ्याचं भलंमोठं कार्ड दिलं. तू चष्मा लावून मोठ्यानं वाचायला लागलास, "आजीच्या हातचं पिठलं. साधं किंवा बटर मारून." मग मान वर करून वाढप्याला विचारलंस, "कुणाची आजी म्हणायची ही?"

वाढपी पन्नाशीचा, मिशाळ, गंभीर. म्हणाला, "साहेब, ते नाव आहे नुसतं."

"आत हाय का म्हातारी?"

"न्हाई साहेब. आत आमचा बल्लाळ्या हाय. गॅसवर करतोय."

"मग बल्लाळ्याच्या हातचं लिवा की. त्येचा मान त्येला."

मेव्हणे हसून हसून लोटपोट झाले. नंदू तर इतका खूष की तुझ्या पाठीवर त्यानं दोन धपाटे घातले. सदा, इथवरचं सगळं खरं आहे. इथवरचं मी जसं सांगत आलो तसंच घडलं. पुढचं मात्र मी चार वर्षं दुसरंच सांगितलं.

मला हुक्की आली. मी उभा राहिलो, रंगमंचावर राहतो तसा, आणि अख्ख्या हॉटेलला ऐकू जाईल अशी ऑर्डर दिली, "पाच पिठलं-भाकरी! कांदा फोडून! कापलेला कांदा आणलात तर परत पाठवीन!"

तू हळूच म्हणालास, "मला आमटी-भात सांग."

मी ऐकलं. ऐकलं नाही असं म्हणायची सोय नाही, तू माझ्या कोपराला लागून बसला होतास.

"दिन्या, मला आमटी-भात चालंल रं," तू परत म्हणालास.

मी वाढप्याकडं वळून म्हणालो, "या गृहस्थांचं मनावर घेऊ नका. हे खेड्यातले आहेत. यांना पाळण्यात बाळगुटीच्या जागी पिठलं चाटवलेलं आहे." परत हशा. माझं असंच आहे. समोर एक हसला की मला दुसरा हवा असतो, आणि त्यासाठी बाजूला बसलेला माणूस खर्ची पडला तरी मला ते कळत नाही.

ताटं आली. पितळेची, चकचकीत. पिठलं एवढ्याशा लोखंडी कढईत, वर कोथिंबिरीचा तुरा. तू भाकरी मोडलीस. एक घास घेतलास. तो घास तू किती वेळ तोंडात धरलास, ते फक्त मी पाहिलं, कारण बाकीचे कांदा फोडण्यात दंग होते. मग तू उठलास. "आलो," म्हणालास, आणि काळ्या काचेचं दार ढकलून बाहेर गेलास.

मला वाटलं, तब्येत बिघडली. पाच मिनिटांनी मी मागोमाग आलो. तू पानपट्टीच्या शेजारी उन्हात उभा होतास. हात तसाच खरकटा, अंगापासून लांब धरलेला, जणू दुसऱ्या कुणाचा आहे.

"काय रे? पित्त झालं का?"

तू मान हलवलीस. "दिन्या, तवा पिठलं तू केलं हुतंस."

"कधी?"

तू माझ्याकडं असं बघितलंस की मी "कधी" म्हणालो याचीच तुला आधी खात्री करून घ्यावी लागली. रागावला नव्हतास. रागावला असतास तर आज मला सोपं गेलं असतं.

"पोरगी गेली तवा," तू म्हणालास.

सदा, आता मी ते इथं लिहितो. वहिनींनी परवानगी दिली आहे, ती कशी ते पुढं येईलच.

तेव्हा आपण माधवनगरच्या चाळीत शेजारी शेजारी राहत होतो. तू गिरणीत साच्यावर कापड विणायला, मी टाइमकीपर, बिनलग्नाचा. तुमचं पहिलं मूल, मुलगी, नऊ दिवसांची होऊन गेली. बारसंसुद्धा झालं नव्हतं. तू आणि साच्यावरचे दोघं सकाळी ओढ्याच्या कडेला जाऊन आलात, आणि ते दोघं दुपारच्या पाळीला कामावर गेले. चाळ वाईट नव्हती. बायका दारातून डोकावून गेल्या, दोघी-तिघी वहिनींजवळ बसल्याही. पण ज्या घरात माणूस जातं त्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही आणि शेजारपाजारचे पिठलं-भाकरी घेऊन येतात, ती रीत त्या दिवशी कुणी पाळली नाही. एवढ्याशा जिवाचं सुतक धरत नाहीत, असं थोरल्या बायकांनी ठरवलं. ठरवलं म्हणजे दुष्टाव्यानं नव्हे. तशीच पद्धत होती. दुपारी चाळीतल्या सगळ्या चुली पेटल्या, तुमची तेवढी पेटली नाही, आणि भाकरी घेऊन कुणीही आलं नाही.

मला सुतकातलं काही कळत नव्हतं. एवढंच माहीत होतं की आमचे आजोबा गेले तेव्हा शेजारून पिठलं आलं होतं. मी स्टोव्ह पेटवला. आयुष्यात पहिल्यांदा पिठलं केलं. गुठळ्या झाल्या, मीठ दोनदा पडलं, खाली करपलं. भाकरी काही जमेना, ती खानावळीतून आणली. ताटावर ताट झाकून तुझ्या दारात आलो. तू दार उघडलंस, झाकण काढलंस, आणि पिठलं बघून तुझा चेहरा जो झाला तो मला तेव्हा कळला नाही. मला वाटलं, करपल्याचा वास आला.

तू खाल्लंस. वहिनी भिंतीकडं तोंड करून बसल्या होत्या. तू म्हणालास, "अजून हाय का रं?" मी पळत जाऊन पातेलं खरवडून आणलं. तू दुसऱ्यांदा घेतलंस तेव्हा वहिनी वळल्या. त्यांनीही दोन घास खाल्ले.

चाळीत त्या दिवशी ती मेली असं फक्त माझ्या पातेल्यानं कबूल केलं होतं. हे वाक्य माझं नाही. पानपट्टीशेजारी उभं राहून तू जे तुटक तुटक बोललास त्याचा अर्थ तेवढा होता. तू म्हणालास, "समदी म्हणायची, हुईल दुसरं. तू काय म्हणाला न्हाईस. पिठलं आणलंस. त्येच्यानंतर घरात केलं न्हाई आमी. एकदाबी."

आणि मी विसरलो होतो. चांगलं काम करून विसरून जाणारी मोठी माणसं असतात म्हणतात, तसलं काही नव्हतं. त्या संध्याकाळी आमच्या नाटकाची तालीम होती, मला पहिल्यांदाच मोठी भूमिका मिळाली होती, आणि पातेलं घासून मी तालमीला गेलो. झालं. मग बँकेत लागून साताऱ्याला गेलो, तरी बावीस-तेवीस वर्षं तुमच्या घरी जेवत आलो. वहिनींच्या हातचं काय काय खाल्लं! भरली वांगी, कटाची आमटी, आषाढातल्या कापण्या. पिठलं कधीच का नसतं, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही. खायच्या बाबतीत मी असा बेसावध माणूस नव्हे, सदा. तरी आला नाही.

"आता आत काय सांगू?" मी विचारलं. "नंदूची पन्नाशी आहे. तो मनाला लावून घेईल."

"सांग की कायबी. तुला काय गोष्टींला तोटा हाय व्हय?" तू म्हणालास. "पोरीचं तेवढं काढू नगंस. आमच्या पोराला, महेशला, ठावं न्हाई. हिला चालायचं न्हाई."

मी "बरं" म्हणालो. तू निघालास. मी आत गेलो.

आत तीन चेहरे माझ्याकडं बघत होते. नंदूचा चेहरा उतरलेला. "माझ्या पन्नाशीला उठून गेला?" तो म्हणाला. मी खुर्ची मागं सरकवली, पाणी प्यालो आणि सुरू केलं.

"अरे गेला कसला? पळाला! त्या कार्डावर पिठल्याच्या पुढचा आकडा वाचला त्यानं. पिठल्याकडं बघितलं. परत आकडा वाचला. चष्मा पुसून वाचला. मला म्हणाला, दिन्या, एवढ्यात आमच्या गावात बेसनाचं पोतं येतंय! आणि घास गिळायच्या आत पसार!"

नंदू एवढा हसला की त्याला ठसका लागला. त्याची पन्नाशी वाचली. बल्लाळ्याच्या हातचं पिठलं मी तुझ्या वाटचंही खाल्लं. सोंग पुरं करायचं म्हणून खाल्लं, असं आजवर स्वतःला सांगत आलो. चांगलं झालं होतं.

इथपर्यंत माझा फार मोठा गुन्हा नाही, असं मला अजून वाटतं. तू मागितलंस ते मी दिलं. पण तिथंच थांबतो तर मी कसला?

दुसऱ्यांदा सांगताना तू भाकरी रुमालात गुंडाळलीस. तिसऱ्यांदा ठेच्याची वाटी खिशात घातलीस. मग मॅनेजर फेटा सावरत तुझ्या मागं धावायला लागला आणि तू विश्रामबागच्या चौकात सायकल टाकून रिक्षात बसलास. गणपतीत सांगितली, हळदी-कुंकवाला आलेल्या बायकांना सांगितली, बँकेच्या निरोप समारंभात सांगितली. तू समोर असलास की तूही हसायचास. एकदा तर मी वाटीशी आलो तेव्हा तूच म्हणालास, "वाटी मोकळी हुती रं, ठेचा आधीच खाल्ला म्या." केवढा हशा पिकला! तुझं वाक्य माझ्या गोष्टीतलं सगळ्यात भारी वाक्य ठरलं. मी पुढं ते कायम ठेवलं, तुझ्या नावानं नव्हे, माझ्याच नावानं.

तू माझा पहिला प्रेक्षक होतास, हे मी तुला कधी सांगितलं नाही. माझी नाटकं आपटली, एकेकदा तर समोर बावीस माणसं आणि त्यातली नऊ आमच्या घरची. तू माधवनगरहून यायचास, तिसऱ्या रांगेत बसायचास, आणि विनोद यायच्या अर्धा क्षण आधीच तुझं हसू यायचं. आमचा दिग्दर्शक वैतागायचा. मला मात्र विंगेत उभ्या उभ्या ते हसू ऐकलं की पाय जमिनीला लागायचे. गेल्या वर्षी गिरणी बंद झाली तेव्हाही तू प्रयोगाला आलास. तुला मी विचारलं नाही की आता काय करणार आहेस. मी विचारलं, "दुसऱ्या अंकात माझा आवाज पोचला का?"

"मागच्या भिंतीपत्तुर," तू म्हणालास.

मग पलूस आलं. महेशचा साखरपुडा. मुलीकडचं घर मोठं, उसाचा पैसा, दोन काका फौजेतून आलेले. जेवणं झाली, पान आलं, कुणीतरी म्हणालं, साताऱ्याचे पाव्हणे गोष्टी छान सांगतात म्हणं. तू माझ्याकडं बघून बारीक मान हलवलीस. मी ती बघितली, सदा. आमटी-भातासारखीच बघितली. आणि सांगितली. वाटी, फेटा, रिक्षा, सगळं. फौजी काका मांडी थोपटून हसला आणि तुला म्हणाला, "पाव्हणं, लगीन करायचं हाय बरं का! पिठल्यावरनं पळून जाल, मांडवातनं पळू नगासा!" मुलीची आई हसली नाही. तिनं तुझ्या शर्टाकडं बघितलं.

परतताना स्टँडवर तू म्हणालास, "दिन्या, आता बास कर गड्या ती गोष्ट."

"अरे, लोक मागतात!"

"मागू देत. तू देऊ नगंस."

मला राग आला. खरंच आला. माझ्या हातातलं खेळणं कुणी काढून घेतल्यासारखा. मी म्हणालो, "मग काय, खरं सांगू?"

तू बघितलंस. तेच ते बघणं. एवढी वर्षं मी आरशासमोर चेहरे करतोय, पण तसा चेहरा मला करता आलेला नाही. गाडी लागली, तू चढलास, खिडकीत बसलास, आणि गाडी हलेपर्यंत समोरच्या सीटच्या पाठीकडं बघत राहिलास.

त्यानंतर आपण दोनदा भेटलो. दोन्हीदा क्रिकेटवर बोललो. मी माफी मागणार होतो. म्हणजे मनात तसा प्रवेश बांधला होता, कुठं थांबायचं, कुठं तुझ्या खांद्यावर हात ठेवायचा. पण तू समोर आलास की तो प्रवेश मला नाटकी वाटायचा. मलाच! मग नंदूचा फोन आला, साताऱ्याला, सकाळी. मी रिसीव्हर धरून उभा होतो आणि नंदू पलीकडून नुसता "दिन्या, दिन्या" करत होता.

तेराव्याला जेवणं झाल्यावर माणसं मांडवात बसली होती. पलूसचे सोयरे एका बाजूला, गिरणीतले जुने लोक एका बाजूला. महेश माझ्याजवळ येऊन बसला. डोळे सुजलेले. मुंडण केल्यामुळं थेट तुझ्यासारखा दिसत होता, साच्यावरच्या तरुण सदासारखा. म्हणाला, "काका, ती हॉटेलची गोष्ट सांगा की. बाबा पळून गेले ती."

मी म्हणालो, "आत्ता नको रे."

"सांगा. बाबा हसायचे तिला."

आतल्या दाराशी वहिनी बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं. मी त्यांच्याकडं बघितलं, त्यांनी पदर पुढं ओढला. खरं सांगावं तर तुझा शब्द मोडतो. गप्प बसावं तर तुझ्या पोराकडं, होणाऱ्या सुनेकडं, त्या फौजी काकांकडं कायमचा एक चिक्कू माणूस उरतो, पिठल्याचा दर बघून पळालेला, आणि तो माणूस मी घडवलेला.

मी उभा राहिलो.

"महेश, आज खरी सांगतो," मी म्हणालो. "एवढी वर्षं मी तुझ्या बापाच्या अंगावर ढकलली. पळालो मी होतो."

मांडव माझ्याकडं वळला. मग काय विचारतोस! कार्ड मी वाचलं. चष्मा मी पुसला. भाकरी मी रुमालात बांधली, ठेच्याची वाटी मी खिशात घातली, फेटेवाला मॅनेजर माझ्या मागं लागला. आणि सदानं काय केलं? सदा शांतपणे जेवला. नंदूनं पन्नाशीला बोलावलं होतं, नंदूचा मान राखला. माझ्या वाटचं ताट वाया जाऊ नये म्हणून तेही संपवलं, आणि बाहेर येऊन मला म्हणाला, "दिन्या, लाज काढलीस. पण कुणाला सांगणार न्हाई म्या." आणि नाही सांगितलं! मी त्याच्याच नावानं गावभर सांगत फिरलो, तरी नाही सांगितलं!

पलूसचे काका हसता हसता थांबले. नंदूकडं बोट करून म्हणाले, "तुमी हुता नव्हं तितं? कोण पळालं?"

नंदूला यातलं काहीच माहीत नव्हतं, सदा. त्यानं तुला स्वतःच्या डोळ्यांनी उठताना बघितलं होतं. तो माझ्याकडं बघत राहिला. मला वाटलं, संपलं. मग तो गळ्यातलं उपरणं सारखं करत म्हणाला, "ह्योच पळाला. सदा बसला हुता. मी देवाची आण घिऊन सांगतो, सदा शेवटपत्तुर बसला हुता." आणि रडायला लागला. मी असं का बोललो, ते त्यानं मला अजून विचारलेलं नाही.

निघताना वहिनींनी आत बोलावलं. म्हणाल्या, "भावजी, लबाड बोललासा."

"चुकलं का?"

"न्हाई. झ्याक बोललासा." मग दार लोटून घेतलं. "त्यांनी मला त्या हाटेलातलं सांगितलं हुतं. तुमी इसरला हुता, तेबी. म्हणले, दिन्या इसरला, बरं झालं, त्येच्या डोस्क्यावर कशाला वझं." मग म्हणाल्या, "आता मी महेशला सांगणार हाय. त्येला भन हुती म्हणून. आमी दोघं मिळून झाकून ठिवली हुती तिला. एकटीला न्हाई झेपायचं ते. तुमीबी आता लिवा. जसं झालं तसं लिवा. तुमास्नी लिवता येतं."

तिचं नावही सांगितलं त्यांनी. तुम्ही दोघंच वापरायचात ते. मी इथं लिहीत नाही. ते मला फक्त ऐकायला दिलं होतं.

आणि परवा महेश साताऱ्याला आला. एकटाच, स्कूटरवर. हिनं चहा केला, तो त्यानं निवू दिला. आईनं सगळं सांगितलं म्हणाला. ओढ्याची कडा बघून आला म्हणाला, तिथं आता प्लॉट पडलेत. मग म्हणाला, "काका, एक विचारायचंय. तुम्ही दोघं हॉटेलच्या बाहेर बोललात, तेव्हा किती वाजले असतील?"

"दीड. फार तर पावणेदोन."

"आई म्हणते, बाबा दिवेलागणीला घरी आले. चपला धुळीनं भरलेल्या. जेवलो म्हणाले, लय झालं म्हणाले, आणि पाणी पिऊन झोपले. सायकल हॉटेलापाशीच राहिली होती, ती नंदूकाकांनी दुसऱ्या दिवशी पाठवली. चालत यायचं म्हटलं तरी तासा-दीड तासाचा रस्ता." तो माझ्याकडं बघत होता. "मग एवढा वेळ बाबा कुठं होते?"

सदा, मी ती दुपार किती वेळा सांगितली! जात्यातली फुलं सांगितली, चाकातले दिवे सांगितले, वाढप्याच्या शिंका वाजवून दाखवल्या. नव्हता तो मॅनेजर पळवला. आणि तू पानपट्टीपासून निघालास तो कुठल्या बाजूला वळलास, हे मी वळून बघितलं नव्हतं. मला आत जायची घाई होती. आत तीन माणसं वाट बघत होती.

महेश थांबला होता. त्याचा विश्वास होता की काकांना माहीत असणार. आणि मला सुचलं, सदा, लगेच सुचलं. ओढ्याच्या कडेला तू बसलायस. कृष्णेच्या घाटावर हात धुतोयस. गिरणीच्या फाटकाशी उभा आहेस, पाळी सुटायची वाट बघत. तिन्हींत तू किती शोभून दिसत होतास, आणि तिन्हींनी ते पोरगं निवलं असतं. पहिलं वाक्य तर ओठावर आलंच होतं.

"माहीत नाही रे," मी म्हणालो. "मी विचारलंच नाही."